दसऱ्याला चमकवलेले टायर

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. काम: होडीच्या ट्रेलरचे टायर बघणे.

आदल्या दिवशी दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या गाड्यांची पूजा होते आणि पूजेआधी धाकटा दीर टायरना ट्रॅक्टरचे जळके ऑइल चोपडतो. टायर काळेभोर दिसतात. मग मी त्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढते. होडी आणि ट्रेलर घेतल्यापासून नऊ वर्षे आम्ही दोघे हे मन लावून करत आलो.

शनिवारी आमची पत्र्याची होडी तापीवरून धरणाने तुंबलेल्या नर्मदेच्या फुगवट्यावर न्यायची होती. तिथल्या मासेमारांनी ती हंगामापुरती भाड्याने घेतली होती. ट्रॅक्टर दीर चालवणार, मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी आणि होडीत सासूबाई. त्यांना नर्मदा बघायची होती. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून गुडघे दुखतात, म्हणून होडीच्या फळीला प्लास्टिकची खुर्ची सुतळीने बांधून झाली होती. होडीत बसून रस्त्याने जाणे आमच्या गावात कोणाला वावगे वाटत नाही. होडी बसायलाच असते.

फक्त अक्कलकुव्याच्या पुढे घाट लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.

“काय देखी ऱ्हायनात भाभी? नक्षी पुरी शे,” दीर म्हणाला.

टायरच्या खाचांची नक्षी खरेच पुरी होती. ट्रेलर वर्षातून चार-पाचदा घरापासून नदीपर्यंत जातो, नक्षी झिजणार कशाने? उरलेले वर्ष तो अंगणात एकाच जागी उन्हात उभा असतो. मी बादलीभर पाणी आणि भांड्याची पावडर घेऊन स्वस्तिकासकट टायर घासले. ऑइल निघाले तसे खालून तडे दिसू लागले. एका तड्यात माझे नख गेले. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटी तेरा होते. टायर होडीपेक्षा थोरला निघाला. दुसरा टायर रिमोल्ड केलेला होता, म्हणजे जुन्याच टायरवर नवी नक्षी चिकटवलेली.

“नऊ वरीस काही हुयनं नही,” दीर म्हणाला.

माझे माहेर नाशिकचे. बावीस वर्षांनंतरही मी उत्तर पुस्तकी मराठीतच देते.

“नऊ वर्षं वाटेत घाट नव्हता. आणि ऑइलनं रबर सडतं. ऑइल तू लावलंस, वर कुंकू मी लावलं.”

तो आत गेला. जॅक घेऊन आला.

नंदुरबारला टायरवाल्याने आधी रिमोल्डच पुढे केले. “ट्रेलरला चालतात ताई. ट्रेलर कुठं पळतो?”

“नवे द्या. तिन्ही एका मापाचे, स्टेपनी धरून. तारीख दाखवा, आणि एक टायर किती वजन पेलतो तेही.”

“वर काय ठेवणार?”

“होडी, इंजिन, जाळी.”

“आणि माणसं?”

तो आमच्याच भागातला असावा. मी होडीचे वजन सांगितले, इंजिनाचे सांगितले, ओल्या जाळ्यांचे अंदाजाने सांगितले. सासूबाईंचे मला माहीत नव्हते आणि त्या सांगणाऱ्यांतल्या नाहीत. पण अडचण वजनाची नव्हती. नव्या टायरमध्येही खिळा घुसतो. होडी दरीत गेली तर दुसरी होडी बांधता येते.

“माणसं नाहीत,” मी म्हणाले. दुकानात सांगून बसले, आता घरी सांगायचे राहिले होते.

सासूबाई ओट्यावर होत्या. आपण दोघी बसने जाऊ, असे मी त्यांना सांगितले. “टायर नवा लई उनी ना तू? मंग मी कसाले बसमा जाऊ? मन्ही खुर्ची बांधेल शे.”

“टायर होडीसाठी आणलेत, आई.”

त्यांनी दिराकडे बघितले. तो नट आवळत होता. एरवी तो आईची बाजू घेतो. आज त्याने मान वर केली नाही. जुने टायर त्याच्या शेजारीच पडले होते, आणि तडे ओट्यावरूनही दिसत होते. सासूबाईंनी ते जरा वेळ बघितले.

“खिडकीपा बठसू,” त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी ऊन यायच्या आत, टायर गार होते तेव्हा, मी मीटर लावून तिन्ही टायरमधली हवा बघितली. नट पुन्हा आवळले, पान्हा दिराच्या हातात दिला आणि घाटाआधी अक्कलकुव्याला थांबून परत आवळायला सांगितले. मग खुर्चीची सुतळी कापली आणि खुर्ची उचलून फाट्यावर नेली. बस येईपर्यंत सासूबाई तिच्यावर बसल्या. रिकामी होडी त्यांच्यासमोरून गेली, ती त्यांनी वळणापर्यंत बघितली. बस आल्यावर मी खुर्ची चहाच्या टपरीत ठेवली, त्यांना खिडकीजवळ बसवले आणि दोन तिकिटे काढली.