जीपचे जुने टायर

नव्या रबराचा वास आला की वडिलांची जीप आठवते. चिकूच्या वाडीला जाताना चिखलात रुतू नये म्हणून त्यांनी तिला हौसेने मोठे टायर बसवले होते. जीप डिझेल जास्त पिऊ लागली, तरी त्यांची ऐट कमी झाली नाही. आई तेव्हा गाडी शिकत होती. मसोलीच्या वळणावर मोठ्या टायरांमुळे जड झालेलं स्टिअरिंग फिरवताना तिचे हात भरून आले आणि ती मनगटं चोळू लागली. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी जुने टायर परत चढवले. आईने विचारलं, "आणि रुतली तर?" ते म्हणाले, "मी उतरून ढकलीन. तू चालव." आज अच्छाडच्या टायरवाल्याने मला विचारलं, "मोठे टाकू का, शेठ?" मी म्हटलं, "नको, गाडी आई चालवते. रुतली तर ढकलायला आता मी आहे."