घुंगरांचा झगा

आमच्या चर्चच्या नाटकात सेक्रेटरीसाहेब प्राचीन इस्राएली लोकांचे महायाजक होणार होते. त्यांचा निळा झगा मार्थामावशी शिवत होत्या आणि मी त्याच्या घेराला पितळी घुंगरं टाचत होते. माप द्यायला आले तेव्हा साहेब गोडीत ‘मावशी, मावशी’ करत होते. मग छातीवर बारा रंगीत खडे आले, कपाळावर सोनेरी पट्टी चढली, समोर आरसा धरला गेला आणि त्यांच्या तोंडून निघालं, “ए बाई, घेर नीट कर.”

सत्तरीच्या मावशी तोंडात टाचणी धरून त्यांच्या पायाशी बसल्या.

बायबलातल्या त्या वाळवंटात, पहिल्या महायाजकाचा झगा शिवतानाही असंच झालं असणार. बायकांनी बोटं झिजवून सूत कातलं, कारागिरांनी सोन्याचे पत्रे ठोकून तारा काढल्या आणि त्या उसन्या झळाळीत कुणीतरी आयताच ताठ उभा राहिला. देवाने मात्र त्याला पुरतं ओळखलं होतं. एवढ्या थाटाच्या आत लिननची चड्डी घालायचीच, असा हुकूमही त्यानेच सोडला होता!

साहेबांनी गिरकी घेतली. घुंगरं वाजली.

“ही कशासाठी, ठाऊक आहे का?” त्यांनी आम्हाला विचारलं. “महायाजक देवाच्या पवित्रस्थानात चाललाय, हे कळावं म्हणून.”

मावशींनी तोंडातली टाचणी काढली.

“आमच्या गावात शेळीला बांधतात,” त्या म्हणाल्या. “नजरेआड गेली की कुठे तोंड घालेल, भरवसा नसतो.”