पाणकुरण राखणारे केशवराव मास्तर

केशवराव मास्तरांना मी प्रथम पाहिले ते चिखलात उभे असलेले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, कार्तिकातले टळटळीत ऊन डोक्यावर आणि छत्री मिटून काखेत. मी घरधन्यांची भाकरी घेऊन चालले होते. न राहवून म्हणाले, "मास्तर, छत्री उघडा की. ऊन लय हाय."

ते हळूच म्हणाले, "उघडली तर पाखरं उडतील, ताई."

समोर पाण्यात करकोचे उभे होते. उंच पायांचे, राखी रंगाचे. आमच्या गावी शाळेवर बदलून आल्याला त्यांना तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

आमचे गाव वडिवळ्याच्या खालच्या अंगाला, इंद्रायणीच्या काठी. पावसाळ्यात नदीचे पाणी ज्या सखल गवताळ जमिनीवर पसरते तिला आम्ही पाणकुरण म्हणतो. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागले की तिथे करकोचे उतरतात. मास्तर सांगत की नदीकाठच्या अशा जागा गावोगाव चर खणून कोरड्या केल्या जात आहेत, उरलेल्या ठिकाणी लोणावळ्याच्या बंगल्यांतले पाहुणे बंदुका घेऊन येतात आणि करकोचे दरसाल कमी होत आहेत.

पुढे आमच्या गावानेही चर खणून तिथे भात करायचे ठरवले. मास्तर चावडीवर उभे राहिले आणि नको म्हणाले. कोणीतरी विचारले, "मास्तर, पाखरं काय शाळंत बसवनार व्हय?" सगळे हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, "बसली तर तुमच्या पोरांपेक्षा शांत बसतील."

शेवटी पाटील म्हणाले, "दोन वर्सं थांबतो. तवर पाखरं येत ऱ्हायली तर कुरण ऱ्हाईल. न्हाई आली तर चर खणायचा."

मास्तरांनी कुरणाला काटेरी कुंपण घातले आणि गुरांना बंदी केली. आमचे घरधनी राखणदार झाले. त्यांनी सख्ख्या भावाच्या म्हशीही बाहेर काढल्या. जाऊबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पहिल्या वर्षी गवत कमरेला लागले आणि थोडेच करकोचे कडेकडेने उतरले. दुसऱ्या वर्षी गवत छातीपर्यंत गेले. थवा आला, वर दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेला. त्यांचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही ऐकत राहिलो.

घरधनी मास्तरांना म्हणाले, "मास्तर, म्हशी व्हत्या तवा पाखरं व्हती. गवत येवढं वाढल्यावर ती पाय कुटं टेकनार?"

मास्तरांना ते पटले नाही. "जनावरांनी तुडवलं तर यायचीच नाहीत, सखाराम," ते म्हणाले. घरधन्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मनात नसताना राखण मात्र चोख केली. चैत्रात त्यांना ताप भरला आणि पाचव्या दिवशी ते गेले.

तेराव्याला गाव आमच्या अंगणात जेवायला होते. चर कधी खणायचा हे बोलणेही तिथेच चालले होते. मास्तर उठले. त्या दिवशीचे त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "सखाराम बरोबर सांगत होता. मी पुस्तकावर विसंबलो आणि या जमिनीवर जन्म काढलेल्या माणसाचं ऐकलं नाही. चूक माझी आहे, पाखरांची नाही. मला एक वर्ष द्या."

मास्तरांनी अशा मंडळीत चूक कबूल केलेली आम्ही कोणी पाहिली नव्हती. मग पाटील म्हणाले, "दिलं. पर येकच."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या हातांनी कुंपण काढले. हात रक्ताळले तरी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पहिली म्हैस आत सोडली ती माझी. दावे धरून तेच घेऊन गेले. म्हैस चिखलात बसली आणि उठेना, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मास्तर, हिला तुमचा वर्ग आवडला."

त्या वर्षी कार्तिकात एका सकाळी मास्तर धापा टाकत माझ्या दारात आले. "ताई, चला. सखारामचं खरं झालं." आम्ही गेलो. म्हशींच्या मधोमध, आखूड गवतात करकोचे चरत होते. मी डोळे भरून पाहिले. परत घरी आले आणि मग ध्यानात आले की ज्यांना सांगायचे ते घरात नाहीत. त्या गोष्टीला वीस वर्षे होत आली. दर कार्तिकात तसेच होते.

मी शाळेत गेलेले नाही. पुडीचे कागद चुलीत घालण्याआधी वाचत वाचत अक्षरे लागली. मास्तरांना हे कळल्यावर ते कुरणासाठी पुण्याला जाणारा प्रत्येक अर्ज आधी मला वाचायला देऊ लागले. "अडलं कुठे?" असे विचारत आणि मी बोट ठेवीन तो शब्द बदलत. एकदा मी म्हटले, "साहेबाला समजंल की." ते म्हणाले, "साहेबाला समजून काय उपयोग? गावाला समजायला हवं."

अर्जांना उत्तर आले नाही. पाणकुरणाला आजही कसला कागद नाही. ते गावाने दिलेल्या शब्दावर उभे आहे. चराची गोष्ट अधूनमधून अजूनही निघते, पण काठी टेकत मास्तर रोज तिकडे जाताना दिसतात आणि बोलणारा जीभ आवरतो.

म्हणून त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो असे मी म्हणते तेव्हा त्यात माझा स्वार्थ आहे, हे लपवत नाही. करकोचे उतरताना आम्ही बांधावर उभे राहतो तेव्हा एक जागा रिकामी असते. तिची सवय मला अजून झालेली नाही. त्या बांधावर दुसरी रिकामी जागा देवाने मला दाखवू नये.