चंपतरावांचा डबा पहिला

कापडगिरण्यांतून माणसं कमी करणार अशी कुजबुज सध्या नागपुरात सुरू आहे. आमच्या कॉलनीतही दोन घरांचे पडदे दिवसा ओढलेले दिसतात. असं काही झालं की मला चंपतराव धोट्यांची आठवण येते. माणूस जवळच आहे, प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची चक्की अजून चालते. पण त्या एका वर्षी ते कसे वागले, हे आता थोड्याच लोकांना ठाऊक आहे. माझ्या मुलांना तर नाहीच. म्हणून लिहिते.

चंपतराव काटोलकडच्या एका खेड्यातले. शेती धाकट्या भावाच्या हाती देऊन ते आणि त्यांची बायको प्रयागबाई शहरात आले आणि बँकेचं कर्ज काढून त्यांनी टिनाच्या छपराखाली ही चक्की टाकली. कर्जाचं मुद्दाम सांगते, कारण त्यांनी ते कधी लपवलं नाही. चक्कीच्या मोटरीवर पत्र्याची एक पाटी ठोकलेली होती, ही वस्तू बँकेकडे तारण आहे अशी. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसे. कोणीतरी भल्या मनानं सुचवलं, "त्यावर एखादं कॅलेंडर लाव गा, चंपतराव. बरं नाही दिसत."

"काहून? चोरीची हाय का मोटर?" असं म्हणून त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पाटीवरचं पीठ पुसून काढलं.

त्या काळी असं बोलणारा माणूस विरळा. कर्ज काय, आमच्या कॉलनीत घरोघरी होतं. कोणाचं लोखंडी कपाट हप्त्यावर, कोणाची शिलाई मशीन, कोणाचा छताचा पंखा. पण हप्त्याचा माणूस सायकलवरून आला की शेजारणीला सांगायचं, "आमचा भाचा आला होता." प्रयागबाई चक्कीच्या दारात बसून हे सारं पाहत असे. एकदा मला म्हणाली, "तुमच्या लायनीत भाचे लय झाले वं बाई. एकच पोट्टा साऱ्यायचा भाचा कसा?"

चक्कीवर एक रेडिओही होता. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की चंपतराव पट्टा उतरवत. घरघर थांबे आणि दळण असलेली-नसलेली सगळी माणसं दारात उभी राहून ऐकत. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तर सभेसारखी गर्दी होई. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला, भाव रोज चढत होते, गव्हाचा ठोक व्यापार सरकारनं हाती घेतल्यापासून बाजारात गहू दिसेनासा झाला होता. रेडिओ सांगे, साखरेचा साठा पुरेसा आहे, जनतेने घाबरू नये. ते ऐकलं की अर्धी गर्दी पिशव्या आणायला घरी पळायची.

"रेडिओनं घाबरू नका म्हटलं ना," चंपतराव पट्टा चढवता चढवता म्हणायचे, "की पहिले घाबरून घ्यायचं. मंग बाकीची कामं."

आमच्या ह्यांची नोकरी तेव्हा वाडीला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात होती. माल नाही म्हणून ट्रक उभे आणि ट्रक उभे म्हणून पगार अर्धा. घरात आमची कुंदा, तीन वर्षांची. गहू परवडेना तेव्हा कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातून मिलो येऊ लागला. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी विटेच्या रंगाची, थापताना कडेनं चिरणारी. पोट भरायचं, पण मिलो खाणं म्हणजे घर खाली आल्याची कबुली, असं कॉलनीत सगळे धरून चालत. म्हणून बायका दळणाच्या डब्यात वरून दोन मुठी गहू पसरत आणि त्यावर फडकं टाकत. मीही तेच करी. चंपतराव फडकं काढत, वरचा गहू अलगद उचलून कागदाच्या पुडीत बांधत, मिलो दळत आणि पिठावर पुडी ठेवून डबा परत देत. माझे ते दोन मुठी गहू असे कित्येक आठवडे चक्कीवर जाऊन-येऊन होते.

मग एके दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. लांबच्या कुठल्याशा जिल्ह्यात मिलोमध्ये धोतऱ्याचं बी सापडल्याची तक्रार होती. सकाळी ती तक्रारच होती. दुपारी नळावर ऐकलं, एक पोर दवाखान्यात आहे. संध्याकाळपर्यंत ते पोर पलीकडच्या गल्लीतलं झालं आणि दगावलंही. मी पलीकडच्या गल्लीत जाऊन आले. तिथे कोणाला साधी सर्दीसुद्धा नव्हती. तरीही त्या दिवशी मी कुंदाला भाकरी दिली नाही. शिळ्या भातावर ठेवलं आणि धोतऱ्यानं बाहुल्या मोठ्या होतात म्हणून तिचे डोळे सारखे उजेडात धरून पाहत राहिले. शेवटी ती चिडून रडायलाच लागली.

पण ठेवून ठेवून भात तरी किती दिवस? डब्यात मिलोच होता. दोन दिवसांनी फडकं झाकलेला डबा घेऊन मी चक्कीवर उभी होते, तेवढ्यात मनोहरराव आले. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क, कॉलनीतल्या मोठ्या घराचे मालक. मागे त्यांच्या पत्नी, चारुशीलाबाई. मनोहररावांनी पिठाचा डबा चक्कीच्या ओट्यावर आपटला.

"बघा. बघा हे. गव्हाच्या पिठात लाल कण. आमच्या पोळ्या गुलाबी झाल्या!"

चंपतरावांनी चिमूट उचलून तळहातावर पसरली. "दगडात राहून गेलं असंन, साहेब."

"राहून गेलं? अहो, पेपरात काय आलंय ते वाचलं नाही तुम्ही? आमच्या आधी कोणाचं दळण होतं? नाव सांगा."

चक्कीवर आम्ही पाचसहा बायका होतो. सगळ्या डब्यांवर फडकी. कोणी कोणाकडे पाहीना. मी माझ्या डब्यावरचं फडकं नीट ओढून घेतलं.

"माझ्या घरचं होतं," चंपतराव म्हणाले.

दारात बसलेल्या प्रयागबाईनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमच्या घरचं? गावाकडे शेती असून मिलो खाता?"

"खाऊन राहिलो ना, साहेब."

"खा. काय वाटेल ते खा. पण ते विष आमच्या गव्हात नको."

"विष हाय का नाही, मले का माहीत? पेपर तुमी वाचता. मले बी भेव वाटते. पोट्टे माझे बी हायेत."

"मग या चक्कीवर मिलो दळणं बंद. आजपासून." मनोहररावांनी मोटरीवरच्या पाटीकडे बोट केलं. "नाहीतर आमची सगळी घरं उद्यापासून मोठ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या चक्कीवर. तुमचा हप्ता गहूवाल्यांच्या जिवावर जातो, हे विसरू नका."

"आन् मिलोवाल्यायनं कुठं जायचं?"

"मिलोवाले कोण? तुमचंच एक घर आहे ना?"

चंपतराव अडकले. मला वाटलं, आता बोलतील. आमच्या डब्यांकडे नुसती नजर टाकली असती तरी पुरे होतं. त्यांनी नजर पाटीवर ठेवली.

"माझंच हाय," ते म्हणाले. "पर मी बी माझी चक्की सोडून कुठं जाऊ?"

मनोहरराव गेले. त्यांच्यामागे गहू दळणारी बरीच घरं गेली. ज्यांच्या भरवशावर बँकेत पैसे भरायचे, तीच गेली. मिलो 'बंद' एवढा एक शब्द म्हटला असता तर हे सगळं वाचलं असतं; तो शब्द चंपतरावांनी उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून चक्कीची रीत बदलली. सकाळी गर्दी जमली की सर्वांत आधी चंपतरावांच्या घरचा डबा. त्यावर फडकं नाही. लालभडक मिलो सगळ्यांच्या देखत ओतायचा. प्रयागबाई दारात पोतं अंथरून, सूप घेऊन बसे आणि ज्याचा त्याचा मिलो निवडल्याशिवाय चक्कीत जाऊ देत नसे. आम्हीही तिच्याबरोबर निवडायला बसू लागलो; घरून येताना मात्र डब्यात वर दोन मुठी गहू आणि फडकं असेच. धोतऱ्याचं बी दिसतं कसं, हे आमच्यातल्या कोणालाच धड माहीत नव्हतं. म्हणून काळं दिसेल ते फेकत होतो. मिलोची दळणं संपली की चंपतराव पांढऱ्या ज्वारीच्या चारपाच ओंजळी चक्कीतून काढत, म्हणजे दगड पुसून निघावेत. मग गहू. टिकून राहिलेल्या गहूवाल्यांच्या पोळ्या पुन्हा कधी गुलाबी झाल्या नाहीत.

पहिल्या डब्याचं पीठ निघालं की प्रयागबाई तिथेच शेगडीवर भाकरी टाकी आणि त्यांची दोन्ही पोरं मिरचीच्या ठेच्याशी ती खाऊन खेळायला पळत. मी माझं दळण झाल्यावरही रेंगाळे. त्या पोरांवर नजर ठेवून उभी राही. धडपडतात का, बरळतात का. तीन-चार दिवस असं गेल्यावर चंपतराव मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "वहिनी, पोट्टे खेळून राहिले! आता जा घरी, पोरीले जेवू घाला!"

मी घरी गेले आणि कुंदाला भाकरी कुस्करून दिली. दुधाच्या नावानं जे होतं त्यात.

महिन्याभरानं चक्कीवरचा रेडिओ दिसेना. लोक बातम्यांना जमले आणि कोनाड्याकडे बघत राहिले.

"रेडिओ बिघडला का गा?"

"इकला," चंपतराव म्हणाले. "हप्ता होता."

गल्लीला चक्कीवरून गहूवाले गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं रेडिओचं वाटलं. एक म्हातारबुवा तर रागावलेच. "अगा, पर बातम्या?"

"भाव उद्या बी वाढनारच हाय, बुवा. आजच आयकून का करता?"

गंमत अशी की रेडिओ गेल्यावर साखरेला पळणं कमी झालं. संध्याकाळी लोक येत, थोडा वेळ उभे राहत आणि बोलायला दुसरं काही नाही म्हणून एकमेकांच्या घरचं विचारत. एका बाईनं डब्यावरचं फडकं काढून डोक्याला बांधलं, ऊन फार म्हणून. मग दुसरीनं. फडकी अशी एकेक करून गेली. माझे दोन मुठी गहू मी घरीच ठेवले आणि एका रविवारी कुंदाला त्यांची खीर केली.

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी आम्ही निवडायला बसलो असताना मनोहरराव आले. एकटे. हातात डबा, डब्यावर इस्त्रीचा टॉवेल. रस्त्यावरच्या चक्कीवाल्यानं मिलो दळायला साफ नकार दिला होता, हे आम्हाला आदल्याच दिवशी कळलं होतं, आणि गहू तर आता पैसे असूनही मिळत नव्हता. चंपतरावांनी टॉवेल उचलला. वर दोन मुठी गहू.

कोणी हसलं नाही. प्रयागबाई मात्र सूप पाखडता पाखडता म्हणालीच, "गहू चांगला हाय साहेब. वरवरचा."

"तू गप वं," चंपतराव म्हणाले आणि कागदाची पुडी बांधू लागले.

"काहून गप राहू?" प्रयागबाईनं सूप खाली ठेवलं. "साहेब, यायच्या भावानं गावाहून दोन पोते पांढरी जवारी धाडली. नवी, मोत्यावानी. माझ्या पोट्ट्यायच्या तोंडी एक भाकर नाही लागली तिची! सारी दगड पुसाले गेली. कायले, तं तुमच्यासारख्यायचा गहू लाल होऊ नये! आन् आमच्या घरी मिलो आलाच नव्हता तवा. तुमच्यापुढं खातो म्हणून बोलून बसला हा मानूस, मंग कंट्रोलच्या लायनीत जाऊन आनला आन् खाल्ला. आजवर खाऊन राहिलो!"

 मला मनोहररावांनी नाव विचारलं त्या दिवशीचे आम्हा बायकांचे झाकलेले डबे आठवले. इतके दिवस मी ज्यांच्याकडे बघून धीर धरत होते, ती पोरं घरात पांढऱ्या ज्वारीची पोती असताना लाल भाकरी खात होती.

मनोहररावांनी ती गव्हाची पुडी घेतली. आणि तशीच ती प्रयागबाईच्या सुपाशेजारी ठेवली. "मुलांना," एवढंच म्हणाले. टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि उघडा डबा घेऊन आमच्या रांगेत आले.

"चंपतराव, माझा नंबर कधी लागेल?"

"माझ्या मागं," चंपतराव म्हणाले आणि आपल्या घरचा डबा उचलून त्यांनी लाल मिलो चक्कीत ओतला.