दोन सर्व्हरच्या मधला आवाज

आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात कधी चालल्या नाहीत. या सदरातले अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात कारणं शोधत असे. आज स्वतः लिहायला बसलो आहे... कारण सापडलं नाही म्हणून.

आदिलाबादला कापूस बाजारामागच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोनचे सर्व्हर मी सांभाळतो. पहिला अडत्यांचा, त्यावर फोन लावून शेतकरी कापसाचा रेकॉर्ड केलेला भाव ऐकतात. गेल्या हिवाळ्यात त्याच कॉम्प्युटरवर एका खासगी दवाखान्यासाठी दुसरा सुरू केला. पहिल्याच्या सेटिंग्ज तशाच उचलल्या, आणि चूक तिथे झाली. फोन एका पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या ठरावीक दारावर लागतो, पण बोलण्याचा आवाज निराळ्या पोर्टांमधून जातो. फोन लागण्याचा पोर्ट मी बदलला. आवाजाचे पोर्ट मात्र दोन्हींना तेच राहिले. असं झालं की आवाज तुटतो, एकाच बाजूने जातो, क्वचित भलत्याच्याच कानी पडतो.

पहिल्याच दुपारी जैनथ गावाहून मामांनी मोबाइलवर फोन केला. माझी पत्नी लता हिचे हे सख्खे मामा. लताला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

“काय जावईबापू, कापसाच्या भावाच्या लाइनवर बाई बसवली म्हना! आमाले सांगतलं बी नाही.”

“कोणालाच बसवलं नाही, मामा. काय म्हणाली ती?”

“म्हने, मामा, आवाज काऊन बसला तुमचा? मी म्हनलं, बाई, थंड पानी प्यालो. अन् मंग... बापू, आवाज लतीचा होता.”

दवाखान्यातल्या कुणाचा आवाज इकडे आला असेल, असं मी धरून चाललो. तपासलं तर त्या वेळी दवाखान्याच्या सर्व्हरवर एकही कॉल नव्हता. लताचं रेकॉर्डिंग असण्याचा प्रश्नच नव्हता — तो कॉम्प्युटरच ती गेल्यानंतर घेतलेला.

तेवढ्यात दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या मुलीचा माझ्या मोबाइलवर फोन आला, “सार, हॅलो-हॅलो करके मेरा गला सूख गया. उधर का कुछ सुनाई नहीं देता.”

दुरुस्ती चार मिनिटांची होती. दवाखान्याला आवाजाचे वेगळे पोर्ट द्यायचे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. मी “बघतो” म्हणालो... आणि केलं नाही. माझ्या मोबाइलवरून भावाच्या लाइनला फोन लावत बसलो. कधी कापसाचा भाव ऐकू आला, कधी शांतता, एकदा त्या मुलीचंच हॅलो. लता नाही.

मुलीचा पुन्हा फोन आला. आता तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “सार, एक अम्मा का बेटा भर्ती है. बार-बार फोन लगा रही है. मेरी आवाज उसको जाती नहीं.”

शेवटचा फोन लावला. पलीकडे शांतता होती. त्या शांततेत मी म्हणालो, “लता, आता दोन्ही वेगळे करतोय. काही बोलायचं असेल तर...” थांबलो. बराच थांबलो. मग पोर्ट वेगळे केले.

संध्याकाळी मामांचा पुन्हा फोन आला. “भेटली का रे तुले?”

“नाही, मामा. लाइन दुरुस्त केली. आता आवाज मिसळणार नाहीत.”

ते अगदी हळू म्हणाले, “मंग काऊन दुरुस्त केली?”

तो आवाज कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. लाइन का दुरुस्त केली, या मामांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक आहे. लाइन सुधारल्यावर त्या अम्माला मुलाची खबर मिळाली. पण हे मामांना सांगायला अजून माझी जीभ रेटत नाही.