घागर पिणारा खड्डा

सिरसाळ्याच्या पेठेत आश्रुबाने खणलेले संडासाचे सात खड्डे होते आणि त्यांतला एकही कधी भरला नव्हता. गावातली बहुतेक माणसं तेव्हा शेतात जात. घराच्या आवारात खड्डा असणं ही मोजक्या व्यापाऱ्यांची गोष्ट होती. इतरांनी खणलेला खड्डा दोन-तीन वर्षांत तोंडाशी येई, उपसायला बाहेरगावाहून माणसं बोलवावी लागत आणि दोन दिवस सगळी गल्ली नाकाला पदर लावून चाले. आश्रुबाचा खड्डा वीस वर्षं होता तसाच राही.

त्याचा मूळ धंदा विहिरी खणण्याचा. मुरूम संपून खडक लागला की तो पहारेने ठोकत भेग शोधी. विहिरीत भेग म्हणजे झरा. खड्ड्यातही तो तीच शोधायचा. सापडली की काम थांबवून मालकाला बोलवी, तळाशी भरलेली घागर ओती आणि पान लावायला घेई. पान तोंडात जाईपर्यंत पाणी दिसेनासं झालं, तर काम पुरं. “खड्ड्यानं घागर प्याली,” असं तो म्हणे. पेठेत ही परीक्षा बघायला लोक जमत.

निजामी फसली सन १३२८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे इंग्रजी १९१९ साली, पेठेत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. दीड महिन्यात अकरा माणसं गेली. किराणा दुकानदार रुद्रप्पा यांची सून नीलाबाई त्यांत होती. मग सफाईचे दारोगा मोहनराव जाहीरनामा घेऊन आले. त्यात दोन कलमं होती: खड्डा विहिरीपासून तीस हात लांब असावा आणि तो तुंबता कामा नये. तुंबणारा खड्डा आधी कसा ओळखायचा, हे कागदात नव्हतं. मोहनरावांनी गावातल्या जाणत्या माणसाला बोलावलं. आश्रुबा घागर घेऊनच आला.

स्वतःच खणलेल्या रुद्रप्पांच्या खड्ड्यात त्याने पाणी ओतलं आणि पान लावलं. मोहनराव खूश झाले. त्यांनी कारकुनाला तिथंच तिसरं कलम लिहायला लावलं: जो खड्डा पान लावेपर्यंत घागरभर पाणी शोषणार नाही, तो बंद करावा.

“तुझी अक्कल सरकारी झाली की बे,” रुद्रप्पा म्हणाले. आश्रुबा आठवडाभर त्याच तोऱ्यात फिरला.

सातही खड्डे पास झाले. नापास झाला तो एकच, मिरचीचं दुकान चालवणाऱ्या विधवा बसम्मांचा. तो चिकणमातीत खणलेला होता, दर दोन वर्षांनी भरे आणि त्यांच्या विहिरीपासून बावीस हातांवर होता. महिन्याच्या आत तीस हातांपलीकडे नवा खड्डा खणावा, असा हुकूम झाला. काम अर्थातच आश्रुबाकडे आलं.

ते सुरू करण्याआधी तो गाळ काढायला रुद्रप्पांच्या विहिरीत उतरला. पाणी तळाला गेलं होतं. खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत एक भेग पाझरत होती. त्याने बोट लावून नाकाशी नेलं आणि तसाच वर आला. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या पिंपातलं उरलेलं निळीचं पाणी आणून त्याने रुद्रप्पांच्या खड्ड्यात ओतलं, चार घागरी. तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी निळसर झालं. खड्डा विहिरीपासून एकेचाळीस हात होता.

गेलेली अकरा माणसं त्याच्याच खड्ड्यांशेजारच्या विहिरींचं पाणी पीत होती, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. बसम्मांच्या विहिरीवर पंधरा घरं पाणी भरत. त्यांतलं एकही माणूस गेलं नव्हतं. आणि नव्या खड्ड्यासाठी जी जागा ठरली होती, तिथं पाच हात खोलीवर खडक होता.

त्याने तांब्याभर निळसर पाणी रुद्रप्पांसमोर धरलं.

“सावकार, खड्डा बुजवा. समदा माल हिरीत जातो.”

“कावून बे? कोरडा ठणठणीत हाय माझा खड्डा. घाण असती तर दिसली नसती का?”

“दिसत न्हाई, कारण ती हिरीत हाय.”

“माझ्या घरातलं माणूस गेलंय आश्रुबा. मस्करी करू नको.”

मोहनरावांना गाठायला तो दोन वेळा तालुक्याला गेला. पहिल्या वेळी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या वेळी त्यांनी तांब्यात डोकावलं.

“विहिरीत आमची दवा टाकलीय. रंग तिचाच.”

“दवा लाल हाय साहेब. ही मी खड्ड्यात वतलेली नीळ हाय.”

“उतरताना बदलतो.”

“मग माझं ते घागरीचं कलम तरी काढा. ते चुकलंय. मी चुकलोय.”

“कलम वर जाऊन मंजूर होऊन आलंय,” मोहनराव म्हणाले. “आता ते तुझं राहिलं नाही. आणि खड्डा तीस हातांपलीकडे असताना तुझी तक्रार कोणत्या कलमाखाली घेऊ, ते तूच सांग.”

सिरसाळ्याला परतताना त्याने तांब्या ओतून दिला.

तोपर्यंत बसम्मांच्या मुदतीचे बारा दिवस उरले होते. खणायला नकार द्यावा तर दुसरा कोणी येणार, पास होण्यासाठी भेग फोडणार आणि पंधरा घरांचं पाणी नासणार. म्हणून आश्रुबाने काम घेतलं. खडक लागला तिथंच तो थांबला. तळ्यातली चिकणमाती गाढवांवरून आणून, तुडवून, तळाला आणि चारी बाजूंना हातभर जाडीने थापली. तिच्यावर छातीएवढे कोरडे विटांचे तुकडे आणि वाळू भरली.

परीक्षेच्या दिवशी मोहनरावांनी स्वतः दोरी धरली. तेहेतीस हात भरले. घागर ओतली गेली. आश्रुबाने पान हातात घेतलं, पण चुना लावायच्या आतच पाणी विटांमध्ये दडलं होतं.

“बघ,” मोहनराव म्हणाले, “उगाच घाबरवत होतास.” कारकुनाने खड्डा पास लिहिला. संध्याकाळी आश्रुबाने विटा आणि वाळू बाहेर काढली.

बसम्मांना त्याने खरं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं असं म्हणता येणार नाही. तो खड्डा दीड वर्षात भरला, पुढेही भरत राहिला. दर वेळी बाहेरगावची माणसं आली की बसम्मा आश्रुबाच्या दारात उभ्या राहत.

“रुद्रप्पाला जन्मभराचा दिला अन् मला हा? मी काय वाईट केलतं रे तुझं?”

“पाणी कसं हाय हिरीचं, अक्का?”

“पाण्याला काय धाड भरलीय? मी खड्ड्याचं बोलतेय!”

त्यानंतर पेठेत खड्डे खणायला आश्रुबाला कोणी बोलावलं नाही. त्याचा हात उतरला, असं लोक म्हणत. नवे खड्डे त्याच्याकडे शिकलेल्या सटवाने खणले. तो भेग शोधायचा, घागर ओतायचा, पान लावायचा. दारोग्याचा कारकून शेजारी उभा राहून पास लिहायचा.