कॅमेऱ्यावर झारीभर पाणी

आठ जून, शनिवार. काम: मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर झारीने पाणी ओतून बघणे.

वहीत मी हे असंच लिहिलं होतं, गॅस नोंदवणे आणि भाजी आणणे यांच्या मध्ये. यादीत टाकलं की भीती जरा आवाक्यात येते, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला माढ्याच्या पलीकडे, उजनी धरणाच्या उघड्या पडलेल्या पात्रात एक फोटो काढायचा होता. पाणी पार तळाला गेलं होतं आणि धरणाखाली गेलेल्या एका गावाचं देऊळ वर आलं होतं. त्या गावची एक भावकी, साठ-सत्तर माणसं, देवळापुढे उभी राहणार होती. फोटो नव्या गावातल्या देवळाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा लागणार होता आणि प्रत्येकाचं तोंड ओळखू यायला हवं होतं. एवढ्या मोठ्या फोटोला मोठ्या सेन्सरचा कॅमेरा लागतो. आमच्या धंद्यात त्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. माझ्याकडे तसा एक आहे. टॉवेल-चादरीवाल्यांच्या कॅटलॉगसाठी घेतलेला, विणीतला धागा न् धागा दाखवणारा. पण तो छपराखालचा कॅमेरा आहे. पाणी त्याला सोसत नाही, हे मला आदल्या वर्षी कळलं होतं.

तेव्हा मोहोळजवळच्या एका शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मैदानात बाकं मांडून सगळे उभे, मधल्या खुर्चीत त्यांचे जुने हेडमास्तर. फोन सगळ्यांचे खिशात, कारण फोटो काढायला मी होते. वळवाची सर आली. पाच मिनिटांचीसुद्धा नसेल. मी कॅमेरा ओढणीखाली घेतला, सर गेल्यावर पुसला, डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. बोटाखाली बटण खाली जात होतं, आत काहीच होत नव्हतं. समोर सगळे हसत होते. हेडमास्तरांनी टोपी नीट केली. आणि मी म्हणाले, "छान. अजून एक. हलू नका."

असं मी चार वेळा केलं. नंतर कळवलं की कॉम्प्युटरमध्ये फाइल खराब झाली. दुरुस्त होऊन कॅमेरा महिन्याने परत आला. दिवाळीनंतर हेडमास्तर गेले आणि त्यांच्या मुलीचा फोन आला. "हललेला असला तरी चालेल हो. डोळे मिटलेले असले तरी चालतील." मी नाही म्हणाले. तेव्हापासून बाहेरच्या कामाला निघताना माझ्या उजव्या हाताचं, बटण दाबणारं बोट गार पडतं. उन्हाळ्यातसुद्धा.

म्हणून जोडीला तसाच मोठ्या सेन्सरचा दुसरा कॅमेरा हवा होता, पण पाणी आणि धूळ सोसणारा. नवा घेणं माझ्या कुवतीबाहेरचं. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका गल्लीत जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे योगायोगाने दोन होते. आठवडाभर रोज गडगडत होतं, म्हणून मी दोन्ही बघायला मागितले.

"लेके जाव, ताई," चाचा म्हणाले. "पण पानी गया तो कॅमेरा तुमचा."

"आणि नाही गेलं तर?"

"तो बी तुमचाच. मग कशाला सोडाल तुम्ही?"

घरी आणून दोन्ही टेबलावर ठेवले. एक नवीन घडणीचा, हलका, हातात छान बसणारा. त्याचे फोटोही सरस. दुसरा जुना, बत्त्यासारखा जड, आणि दोन फोटोंच्या मध्ये विचार करत बसणारा. पाणी चालतं असं दोघांबद्दल सांगितलं जात होतं. पण पाणी अडवतं ते रबर, आणि सोलापूरच्या उन्हात रबराचं काय होतं हे कुकर वापरणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. रिंग कडक झाली की वाफ धरत नाही. मी दोन्हींची बॅटरीची झाकणं उघडली आणि कडेचं रबर नखाने दाबलं. हलक्या कॅमेऱ्याचं चकचकीत आणि ताठ झालं होतं, एका कोपऱ्यात चीर होती. कुणीतरी तो उन्हात गाडीत ठेवत असणार. जड कॅमेऱ्याचं दबलं आणि परत वर आलं.

निवड झाली. खात्री झाली नव्हती. आतलं रबर कुणाला दिसतं?

माझा नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. तो म्हणाला, "अगं, आज बंद पडला तर उद्या काय नेशील?"

"आणि उद्या बंद पडला तर?"

"मोबाइल आहे की."

"मोबाइलचा फोटो भिंतीएवढा केला की तोंडाचं थालीपीठ होतं."

"मग तारीख पुढं ढकल."

तेही माझं विचारून झालं होतं. काम देणारे काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. फोनवर म्हणाले होते, "बाई, पुढल्या ऐतवारी तितं पाणी आसंल. देव काय पवत वर येनार हाय व्हय?"

दुपारी चार वाजता मी न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, त्यावर चाचांनीच दिलेली लेन्स लावून जड कॅमेरा ठेवला आणि कुंड्यांची झारी भरली. नवरा दारात घड्याळ घेऊन उभा.

"साबण देऊ?"

"गप्प बसा हो."

झारी तिरकी करायला माझा हात तयार होईना. तीस वर्षं मी लोकांवर ओरडत आले आहे, कॅमेऱ्याजवळ पाण्याची बाटली ठेवू नका म्हणून. शेवटी डोळे कॅमेऱ्यावरून काढून नवऱ्याच्या घड्याळावर ठेवले आणि ओतायला लागले. पाच मिनिटं म्हणजे किती असतात ते तेव्हा कळलं. झारी दोनदा भरावी लागली. मध्येच बटण दाबलं. आतला आरसा धप्प करून उडाला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा धप्प.

"झालं की," नवरा म्हणाला.

झालं नव्हतं. मी पंच्याने कॅमेरा कोरडा केला, तोंड खाली धरलं आणि लेन्स काढली. लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कडेला, आतल्या बाजूला, एक थेंब होता. मोहरीएवढा. मी कापसाच्या काडीने तो टिपला आणि ओल्याच स्टुलावर बसले. अजून थोडा वेळ ओतलं असतं तर तो थेंब सेन्सरवर गेला असता. शाळेच्या मैदानातही मला कळलं नव्हतं, पाणी कुठून शिरतं ते.

मग डोकं चालायला लागलं. कॅमेऱ्याने पाणी घेतलं नव्हतं, लेन्सच्या मागून आलं होतं. लेन्स उलटी केली. पाणी सोसणाऱ्या लेन्सला मागे रबराचं बारीक कडं असतं. हिला नव्हतं. चाचांना फोन लावला.

"चाचा, लेन्सला मागं रबर नाही."

"ताई, तुम्ही कॅमेऱ्याचं विचारलं. लेन्सचं कुठं विचारलं?"

"आता विचारते."

"एक आहे. समोर खरोंच आहे थोडी. आठच्या आत या, नमाजला बंद करतो मी."

मी जाऊन घेऊन आले. ओरखडा काठाला होता, फोटोत येणार नव्हता. मागचं रबर दाबून बघितलं, मऊ होतं. पण त्या लेन्ससह पुन्हा पाणी ओतायचं धाडस मला झालं नाही. झारी उचलली आणि ठेवली. नवऱ्याने विचारलं, कॅमेरा रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवू का. तांदळाची पूड फटीत जाते असं सांगून मी तो पंख्याखाली उघडा ठेवला. झोपताना मी तो धप्प आवाज आठवून बघत होते आणि दर वेळी तो जरा बारीक ऐकू येत होता.

रविवारी सकाळी सातला मी पात्रात पोचले. चिखल वाळून भेगाळलेला, मध्ये काळं देऊळ, बाकी सगळीकडे सपाट. एवढ्या मोकळ्यावर कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, माझं लोखंडी तिकाटणं, उभं करताना मी आधी पश्चिमेकडे बघितलं. आभाळ भरून आलं होतं. माणसांना ओळीत लावण्यात अर्धा तास गेला आणि माझा नेहमीचा कॅमेरा तिकाटण्यावर चढवून होतो न होतो तोच थेंब पडले. मी तो काढून पिशवीत घातला आणि जड कॅमेरा चढवला. ओळी मोडायला लागल्या, कुणी छत्री उघडली, बायका पदर घेऊन देवळाकडे वळल्या.

काका गरजले, "ऱ्हावा की उबं! साखरंचे हायसा व्हय, विरगळाया?"

माणसं हसत जागेवर आली. मी बटण दाबलं. धप्प. पण आवाजावर माझा विश्वास राहिला नव्हता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लोकांना फोटो दाखवायचा नाही, हा माझा जुना नियम आहे, कारण दाखवला की प्रत्येकाला स्वतःचं नाक खटकतं. त्या दिवशी मी काकांना पावसात माझ्याकडे बोलावलं आणि पडदा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा पुसला. "माजं डोळं मिटल्यात की वं!"

"मग जा परत आणि उघडे ठेवा."

पाऊस वाढला तसे मी भराभर काढत गेले. हनुवटीवरून पाणी गळत होतं, कॅमेऱ्यावरून गळत होतं, आणि दर वेळी मी आधी पडदा बघत होते आणि मगच "अजून एक" म्हणत होते. नवव्या फोटोनंतर लांब वीज चमकली. मी तिकाटणं आडवं केलं आणि सगळ्यांना ओरडून गाड्यांकडे पिटाळलं. कुणी ऐकेना, तेव्हा लहान पोरांना हाताला धरून ओढत नेलं, मग मोठे आले.

गाडीत बसल्यावर हात पुसले आणि पडद्यावर एकेक तोंड मोठं करून बघितलं, पहिल्या ओळीपासून. मागच्या ओळीतले दोघे सारखे तोंडावरचं पाणी पुसत होते. नऊच्या नऊ फोटोंत ते हललेले होते. बाकी सगळे स्वच्छ.

मी काच खाली केली, काकांना हाक मारली आणि त्या दोघांची तोंडं ओळखू येत नाहीत हे सांगितलं. फाइलचं नाव घेतलं नाही.